मधले अंतर

ज्या गावात माणसांनी बर्फ पाहिला तो फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर, अशा गावातल्या चित्रकलेच्या मास्तराने बर्फावर मोटार कशी चालवावी याविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे धाडसाचेच वाटेल. शिवाय मला मोटार चालवता येत नाही. एके काळी मोटारसायकल चालवीत असे. ती का सोडली, ते ओघाने पुढे येईलच. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही, तेव्हा शास्त्राच्या नावाने काही बोलण्याचाही मला अधिकार नाही. एवढा अनधिकार पदरी असताना हा विषय घेतो आहे, याचे कारण एकच. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात हिमालयातल्या एका घसरड्या उतारावर एका टॅक्सीवाल्याने मला नीतीचा एक धडा दिला. शाळेच्या फळ्यावर मी वर्षानुवर्षे जे सुविचार लिहीत आलो, त्यांत तो नव्हता.

आम्ही चौघे होतो. मी, माझी पत्नी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भाऊ चालताना उजवा पाय किंचित ओढतो, म्हणून मनालीहून टॅक्सी केली ती थेट पलीकडच्या लाहौल खोऱ्यातल्या सिस्सूपर्यंत. वाटेत अटल बोगदा लागतो. ९.०२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. तोवर लाहौलची वाट रोहतांगच्या ३,९७८ मीटर उंचीच्या खिंडीवरून जात असे आणि वर्षातले जवळजवळ सहा महिने ती बर्फाखाली असे. आमचा टॅक्सीवाला पन्नाशीचा, तिकडचाच. "मास्टरजी, आमची आई हिवाळा लागला की ताकीद द्यायची," तो हिंदीत सांगत होता, "भांडा, पडा, काय वाटेल ते करा, पण आजारी पडायचं नाही. डॉक्टर खिंडीच्या पलीकडे!" आम्ही सगळे हसलो. तोही हसला, पण आमच्यापेक्षा जरा कमी.

सकाळी आकाश स्वच्छ होते. बर्फ पडू लागला की पोलीस चारी चाके ओढणाऱ्या, साखळ्या बांधलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. पण त्या दिवशी रस्ता मोकळा असल्यामुळे सपाटीवरच्या शेकडो गाड्या हौसेने वर आल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास सिस्सूत पहिले चार कण पडले. माझ्या पत्नीने ते हातमोज्यावर झेलले, भावाच्या बायकोने त्यांचे फोटो काढले, आणि टॅक्सीवाल्याने हातातला चहा अर्धा टाकून दिला. "चला," तो म्हणाला. मला तो अरसिक वाटला.

बोगदा ओलांडून दक्षिणेकडच्या तोंडाशी, तीन हजार मीटरच्या उंचीवर, बाहेर आलो तेव्हा रस्ता पांढरा झाला होता. तिथून मनाली सुमारे २५ किलोमीटर, आणि सगळा उतार. पुढे गाड्यांची लांबच लांब रांग मुंगीच्या पावलांनी उतरत होती. आम्हाला संध्याकाळी सहाला मनालीहून चंदीगडची बस धरायची होती आणि दुसऱ्या दिवशी तिथून आगगाडी. हिशेबाने अजून पुष्कळ वेळ होता. पण रांगेत अडकलेल्या माणसाचा हिशेब घड्याळाशी नसतो, पुढच्या गाडीशी असतो. आणि आमची पुढची गाडी फार पुढे होती.

टॅक्सीवाला ते अंतर मुद्दाम राखीत होता. सात-आठ गाड्या आरामात मावतील एवढी जागा आमच्यापुढे रिकामी होती. अर्थातच ती रिकामी राहीना. मागून एक गाडी आली, हॉर्न वाजवीत बाजूने गेली आणि त्या जागेत शिरली. टॅक्सीवाल्याने पायाची बोटेही न हलवल्यासारखे करून गाडी मंद केली आणि पुन्हा तेवढेच अंतर पाडले. दुसरी गाडी आली. तीही शिरली. पुन्हा अंतर. तिसरीच्या वेळी माझ्यातला मास्तर जागा झाला. वर्गात रांग मोडणाऱ्या मुलाला मी कधी सोडलेले नाही.

"भाईजी, असं दर वेळी मागं राहिलात तर आपण पोचणार कधी? ही जागा आपली होती."

"नाही मास्टरजी," तो म्हणाला. "ही जागा माझी नव्हती. पुढच्याची होती. तो घसरला, तर मी त्याच्यावर जाऊ नये म्हणून ठेवलेली."

"पण ती दुसऱ्यानं घेतली ना?"

"घेऊ दे. दुसरी करू. जागेला काय, मागे पुष्कळ आहे."

हे उत्तर ऐकून मी गप्प बसलो. पण पटून नव्हे. चांगुलपणाविरुद्ध आपण सगळे जी तक्रार करतो, तीच माझी तक्रार होती. मी सभ्यपणे वागतो, म्हणून असभ्य माणसाचे फावते; मग मी सभ्य का राहावे? घरात, कचेरीत, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडे हाच प्रश्न. नीतिशास्त्राचे मोठे ग्रंथ मी वाचलेले नाहीत, पण त्यांतही या प्रश्नाचे उत्तर फार सोपे नसावे. इथे मात्र मला ते आकड्यांत मिळाले. रात्री बसल्या बसल्या मी एका जुन्या तिकिटाच्या पाठीवर हिशेब केला. समजा, आपण तीस मीटर अंतर ठेवले आणि कोणी ते बळकावले. आपण पुन्हा तीस मीटर मागे सरलो. असे दहा वेळा झाले. म्हणजे आपण तीनशे मीटर मागे पडलो. ताशी वीस किलोमीटरच्या गतीने तीनशे मीटर जायला किती वेळ लागतो? एक मिनिटसुद्धा नाही, चोपन्न सेकंद. दहा वेळा लुबाडले जाऊन मी गमावले असते ते चोपन्न सेकंद! ज्या अन्यायाने माझे रक्त तापले होते, त्याची एकूण किंमत चहाचा पेला निवायला लागणाऱ्या वेळाइतकीही नव्हती.

आणि त्या अंतराने वाचते ते काय, हेही त्याच दिवशी कळले. बर्फाचे दोन प्रकार असतात, हे सपाटीवरच्या माणसाला ठाऊक नसते. नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ चाकांना थोडीफार पकड तरी देतो. पण तोच गाड्यांच्या चाकांखाली दडपला, किंवा दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठला, की त्याची काच होते. सावलीच्या वळणावर आणि पुलांवर ती आधी धरते. पुलाला खालूनही गार वारा लागतो ना! ही काच इतकी पातळ आणि पारदर्शक असते की पाहणाऱ्याला फक्त ओला डांबरी रस्ता दिसतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमपुस्तिकेत सांगितले आहे की गोठलेल्या रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दसपट अंतर लागू शकते. शिवाय गती दुप्पट केली की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणजे जो घाई करतो, तो आपल्यासमोरची जागा कमी करतो आणि तिची गरज मात्र वाढवून ठेवतो.

थोडे खाली आल्यावर समोरून साखळ्या खणखणवीत एक ट्रक चढताना दिसला. दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या ढिगांमुळे रस्ता अरुंद झाला होता. आमचा टॅक्सीवाला रुंद जागा पाहून केव्हाच कडेला थांबला होता. घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा नियम आपल्या देशातही आहे. त्याचे कारण मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बर्फात चढणारा एकदा थांबला की पुन्हा निघत नाही. त्याची चाकं जागीच फिरतात." मला हा नियम फार आवडला. हक्क मोठ्या गाडीचा नाही, आधी आलेल्याचा नाही, घाईत असलेल्याचाही नाही. थांबल्याने ज्याचे सर्वांत अधिक अडते, त्याचा! समाजाचे सगळेच हक्क कोणी असे नव्याने वाटून दिले तर काय बहार होईल, असे माझ्या मनात येऊन गेले.

पण त्याने लगेच माझ्या आनंदात मिठाचा खडा टाकला. "नियम ठीक आहे, मास्टरजी. पण खाली काच असली तर उतरणाराच थांबू शकत नाही. मग चढणाऱ्यानं बघायचं." म्हणजे नियम पाठ असून भागत नाही. समोरच्याची चाके कशावर आहेत, तेही पाहावे लागते. नियम मला दुसऱ्याकडून काय घेणे आहे ते सांगतो. माझे देणे काय, ते ज्याचे त्याने पाहायचे. दोन्हीकडचे चालक थांबायला तयार असतील, तरच अशा रस्त्यावर दोघे सुखरूप पार होतात.

आणखी दोन वळणे झाली असतील. मघा आमच्या जागेत शिरलेली एक गाडी आता पुढच्या गाडीच्या अगदी पाठीशी चिकटून चालली होती. पुढचा किंचित मंद झाला. चिकटलेल्या गाडीचे मागचे लाल दिवे भप्पकन पेटले. आणि मग मी आयुष्यात प्रथमच पाहिले की चाके थांबलेली असताना मोटार चालू शकते. कसलाही आवाज नाही. ती गाडी हळूहळू, जणू विचार करीत, आडवी होत गेली, आणि डाव्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून रस्त्यावर आडवी थांबली. दरीचा कठडा उजवीकडे होता. डावीकडे वळली, हे त्या माणसाचे कौशल्य नव्हते, नशीब होते.

आमच्या टॅक्सीवाल्याने ब्रेक दाबला नाही. आधीच खालच्या गिअरमध्ये असलेली गाडी त्याने आणखी खालच्या गिअरमध्ये टाकली, इंजिनाच्याच ओढीने ती मंद केली, मग ब्रेकला हलकेच एक-दोनदा पाय लावला. आम्ही त्या आडव्या गाडीपासून दोन हातांवर येऊन उभे राहिलो. तिच्या मागच्या काचेतून लोकरीची टोपी घातलेली एक पाच-सहा वर्षांची मुलगी आमच्याकडे पाहत होती. ते सबंध अंतर, ज्याला मी वाया गेलेली जागा म्हणत होतो, ते वापरून संपले होते. फक्त दोन हात उरले होते.

गाडीतून एक तरुण उतरला. चेहरा पांढराफटक. तो पुनःपुन्हा एकच वाक्य बोलत होता, "मी ब्रेक दाबला होता! मी ब्रेक दाबला होता!"

"दाबला म्हणूनच घसरली, बेटा," टॅक्सीवाला म्हणाला. यापलीकडे तो त्याला एक शब्द बोलला नाही. त्याने डिकीतून फावडे आणि गोणपाटाचे दोन तुकडे काढले, चाकांखालचा बर्फ उकरला, गोणपाट सारले, आणि मागच्या-पुढच्या गाड्यांतल्या सात-आठ जणांना हाका मारून गाडी सरळ करायला लावली. मीही हात लावला. याला अर्धा-पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मागे, नजर पोचेल तिथपर्यंत, गाड्या तुंबल्या. काही जण हॉर्न वाजवीत होते. बर्फ हॉर्नने वितळत नाही, एवढे तरी शास्त्र मला ठाऊक होते.

अशा रस्त्यावर एकाची चूक एकाची राहत नाही. एक गाडी आडवी झाली की मागच्या शेकडो अडकतात, आणि रस्ता साफ करणारे यंत्र किंवा रुग्णवाहिका यायची ती त्या शेकडोंच्याही मागे. डिसेंबर २०२४ मध्ये याच सोलंग ते अटल बोगद्याच्या रस्त्यावर अशाच असंख्य गाड्या अडकून पर्यटकांना सोडवून आणावे लागले होते. पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी जानेवारी २०२२ मध्ये तर याहून भयंकर घडले. बर्फ पाहायला लोटलेल्या हजारो गाड्या हिमवादळात रस्त्यातच अडकल्या, आणि किमान २२ माणसे आपापल्या गाडीत मरण पावली. त्यांत लहान मुलेही होती. काही थंडीने गेली आणि काही इंजिनाच्या विषारी धुराने, असे तेव्हा सांगण्यात आले. गाडीची धुराची नळी बर्फात बुजली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवले, की त्या धुराला गाडीत शिरण्यावाचून वाट उरत नाही. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. थांबलेल्या त्या अर्ध्या तासात आमचा टॅक्सीवाला मागच्या प्रत्येक गाडीपाशी जाऊन हेच सांगत होता, "इंजिन बंद करा. चालू ठेवायचंच असेल तर नळीपुढचा बर्फ काढा आणि काच थोडी खाली ठेवा." हॉर्न वाजवणाऱ्यांनाही त्याने तेच सांगितले.

मी त्याच्याबरोबर हिंडत होतो आणि मला न्यू जर्सीत राहणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याचे बोलणे आठवत होते. तिथे मोटारीच्या टपावर साचलेला बर्फ न काढता रस्त्यावर आले तर दंड होतो. टपावरच्या बर्फाचा आपल्याला काहीच त्रास नसतो. तो दिसतसुद्धा नाही. पण गाडीने वेग घेतला की त्याची लादी उडते आणि मागच्याच्या काचेवर आदळते. जर्मनीत आणखी एक चाल आहे. महामार्गावर गाड्या तुंबू लागल्या की चालकांनी दोन्ही बाजूंना सरकून मध्ये रिकामी वाट सोडायची. रुग्णवाहिकेची घंटा ऐकू आल्यावर नव्हे, त्याच्या आधीच. घंटा वाजल्यावर सरकायचे म्हटले तर सरकायला जागाच नसते.

या सगळ्यांत एकच गोष्ट मला दिसते. आपण समजतो, माणसाची परीक्षा संकटाच्या क्षणी होते. कथा-कादंबऱ्यांत आम्ही लेखकही तेच रंगवतो. दरी, किंकाळी, आणि नायकाचा अचूक हात! पण बर्फावर त्या क्षणी कोणाच्याच हातात काही नसते. सज्जनाचाही ब्रेक लागत नाही आणि दुर्जनाचाही लागत नाही. जे करायचे ते अर्धा मैल आधी, काहीच घडत नसताना, मागचा हॉर्न वाजवीत असताना, बायको-मुले घड्याळ पाहत असताना करायचे असते. आणि ते केल्याचे कोणाला दिसतही नाही. दिसते ती फक्त एक रिकामी जागा.

याचा अर्थ भीतीने जागच्या जागी गारठून बसावे, असा मात्र नव्हे. चढावर मध्येच भिऊन थांबणारा मागच्या सर्वांची वाट अडवतो. तोही शेजाऱ्याचा विचार न करणाराच. आमचा टॅक्सीवाला रुंद जागा आली की कडेला होऊन मागच्यांना पुढे जाऊ देत होता. जपून चालणे म्हणजे रस्ता आपल्या भित्रेपणाच्या नावावर करून घेणे नव्हे.

आमची बस अर्थातच चुकली. मनालीत पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. त्या लोकरीच्या टोपीवाल्या मुलीची गाडी शेवटपर्यंत आमच्या पुढे होती, आणि तिच्या पुढे, ती दिसेनाशी होईपर्यंत, चांगले चाळीस मीटर अंतर होते.

रात्री धर्मशाळेसारख्या एका हॉटेलात खोली मिळाली. बायका एका खोलीत, आम्ही दोघे भाऊ दुसऱ्या खोलीत. दिवा मालवल्यावरही मला झोप येईना. "मी ब्रेक दाबला होता" हे वाक्य मी त्या तरुणाच्या कितीतरी आधी ऐकले होते. ते माझेच वाक्य होते.

वीस वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या पावसात, घाट उतरताना माझी मोटारसायकल घसरली. मागे भाऊ बसला होता. उन्हाळाभर रस्त्यावर गळलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीत वर येऊन साबणासारखे होते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असते, मलाही होते. पुढे एस.टी. होती. ती थांबली, मी ब्रेक दाबला, आणि मोटारसायकल भावाच्या पायावर पडली. दोन शस्त्रक्रिया झाल्या. त्याचे पोलीस भरतीचे स्वप्न तिथेच संपले. तेव्हापासून मी हा प्रसंग प्रत्येकाला एकाच पद्धतीने सांगत आलो होतो. रस्ता घसरडा होता, बस अचानक थांबली, मी ब्रेक दाबला होता. यांतले अक्षर अन् अक्षर खरे होते. मी फक्त त्याच्या आधीचा अर्धा मैल गाळीत होतो.

अंधारात मी म्हणालो, "झोपलास का रे?"

"नाही."

"त्या दिवशी मी गाडी एस.टी.ला चिकटवली होती. ब्रेकचा काही दोष नव्हता."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माहीत आहे दादा. मी मागून सांगितलंही होतं, जरा अंतर ठेव म्हणून. वाऱ्यात तुला ऐकू आलं नसेल."

वीस वर्षे त्याने माझ्यासाठी ही जागा मोकळी ठेवली होती. मला तिथेच थांबता आले असते. तिसऱ्या कोणाला कळलेही नसते.

"ऐकू आलं होतं," मी म्हणालो.

खिडकीबाहेर बर्फ पडतच होता. बर्फाचा आवाज होत नाही, त्यामुळे खोलीत फारच शांत वाटत होते. बऱ्याच वेळाने त्याने कूस बदलली. पाय अवघडला की तो तशी बदलतो.

"उद्या लवकर निघू," तो म्हणाला. "म्हणजे घाई करावी लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही उजाडताच निघालो.